डिकीतला बेस समोर आणताना

८० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साधारण ४.३ मीटर असते. भारतातल्या बहुतेक छोट्या गाड्या करसवलत मिळावी म्हणून ४ मीटरच्या आत बसवलेल्या असतात. म्हणजे हॅचबॅकच्या डिकीतला सबवूफर ८० हर्ट्झचा सूर काढतो, तेव्हा त्या सुराची एक अख्खी लहर पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंतसुद्धा मावत नाही. दिवाणखान्यात किंवा सभागृहात स्पीकर मांडताना जे आडाखे कामी येतात, त्यांतले निम्मे इथे कोलमडतात. गाडीतल्या सबवूफरचा क्रॉसओव्हर लावणं हे घरातल्यापेक्षा वेगळं काम आहे, ते यामुळे.

हे काम नीट झालंय का, हे ओळखायची खूण मात्र सोपी आहे. चालकाच्या जागेवर बसून गाणं लावलं की ढोल, बेस गिटार, डग्गा हे सगळं गायकाच्या आवाजाबरोबर समोरून, डॅशबोर्डच्या आसपासून यायला हवं. शेजारी बसलेल्या नवख्या माणसाने ‘सबवूफर बसवलाय कुठे?’ असं विचारलं, तर ते काम उत्तम झालं. रस्त्यावर ऐकू येतं ते बहुतेक वेळा याच्या उलट असतं. पुढे गाणं चाललेलं असतं, मागे धडधड चाललेली असते आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. बेस किती हवा हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे, त्यात कुणी कुणाला शिकवू नये. पण बेस गाण्यापासून सुटलेला असणं हा आवडीचा प्रश्न नाही. ते अर्धवट सोडलेलं काम आहे. आणखी मोठा सबवूफर आणि आणखी महाग ॲम्प्लिफायर घेऊन ते पुरं होत नाही. दारातले स्पीकर आणि डिकीतला सबवूफर यांचा सांधा जुळला की पुरं होतं. हे प्रकरण त्या सांध्याबद्दल आहे.

मुळात सांधा लागतो कशाला? स्पीकरचा पडदा पुढेमागे हलून हवा ढकलतो. तेवढाच मोठा आवाज ठेवून सूर एक सप्तक खाली नेला, म्हणजे वारंवारता निम्मी केली, की पडद्याला चौपट हलावं लागतं. १६० हर्ट्झला १ मिलिमीटर हलणाऱ्या पडद्याला ८० हर्ट्झला ४ मिलिमीटर हलावं लागेल आणि ४० हर्ट्झला १६. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरची कॉइल चुंबकाच्या फटीत जेमतेम काही मिलिमीटर सरकू शकते. तिच्याकडून ४० हर्ट्झची अपेक्षा केली तर आधी आवाज फाटतो आणि पुढे स्पीकरही जातो. शिवाय त्याच पडद्यावर गायकाचा आवाजही स्वार असतो. पडदा बेसपायी हेलकावे खात असेल तर तो आवाजही थरथरतो. म्हणून दारातल्या स्पीकरकडे खालचे सूर जाऊच न देणारा फिल्टर लागतो, त्याला हाय-पास म्हणतात. सबवूफरकडे वरचे सूर जाऊ न देणारा तो लो-पास. क्रॉसओव्हर म्हणजे या दोघांची जोडी. गाडीत सिस्टिम बसवणारे अनेक जण फक्त सबवूफरच्या ॲम्प्लिफायरवरचा नॉब फिरवतात आणि दारातले स्पीकर मोकळे सोडतात. माझ्या मते बिघडलेल्या बेसचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. दारातले स्पीकर आणि सबवूफर एकाच पट्ट्यात एकमेकांवर बोलत राहतात, आणि त्या गोंधळाला आपण ‘भरदार आवाज’ समजतो.

आता उताराची गोष्ट. ८० हर्ट्झला लो-पास लावला म्हणजे ८१ हर्ट्झला सबवूफर गप्प होतो असं नाही. तिथून वर त्याचा आवाज उतरत जातो, आणि किती वेगाने उतरतो हे दर सप्तकाला किती डेसिबल या मापात सांगतात. स्टिरिओच्या मेनूत बहुधा १२ आणि २४ असे पर्याय दिसतात. फरक कागदावर किरकोळ वाटतो, कानाला मुळीच नाही. १२ डेसिबलच्या उतारात एक सप्तक वर, म्हणजे १६० हर्ट्झला, सबवूफरची शक्ती सोळाव्या हिश्शावर येते. २४ डेसिबलच्या उतारात ती अडीचशेव्या हिश्शावर येते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. त्यामुळे सौम्य उतार लावला की निवेदकाच्या आवाजातला छातीचा भाग डिकीतून यायला लागतो आणि ओठांचा भाग दारातून. हे तपासायला उपकरण लागत नाही. आकाशवाणीच्या बातम्या लावा, निवेदक पुरुष असू द्या, दारातले स्पीकर बंद करा आणि फक्त सबवूफर चालू ठेवा. अस्पष्ट गुरगुर ऐकू आली तर ठीक. शब्द कळत असतील तर फिल्टर एक तर फार वर लागलाय किंवा त्याचा उतार फार सौम्य आहे.

दोन फिल्टर जिथे एकमेकांना भेटतात त्या बिंदूवर काय होतं, याचा नीट विचार १९७६ साली झिगफ्रिड लिंकविट्झ यांनी एका शोधनिबंधात मांडला. ते आणि त्यांचे सहकारी रस रायली हे दोघेही हेवलेट-पॅकार्ड या मोजमाप-उपकरणांच्या कंपनीतले अभियंते होते. त्या काळी रूढ असलेल्या बटरवर्थ फिल्टरमध्ये छेदनबिंदूवर प्रत्येक स्पीकर ३ डेसिबलने खाली असतो. दोघांच्या लहरी एका तालात असतील तर त्यांची बेरीज मूळ आवाजापेक्षा ३ डेसिबलने वर जाते, म्हणजे सांध्यावर उंचवटा येतो. लिंकविट्झ-रायली जोडीत प्रत्येक जण ६ डेसिबलने खाली असतो. अर्धा अधिक अर्धा मिळून बरोबर एक होतो आणि सांधा सपाट राहतो. शिवाय २४ डेसिबलच्या जोडीत दोन्ही बाजूंमधला फेजचा फरक पुऱ्या ३६० अंशांचा होतो, म्हणजे दोन्ही लहरी पुन्हा एका तालात येतात. १२ डेसिबलच्या जोडीत हा फरक १८० अंशांचा असतो. एक पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि एकाच्या वायरी उलटवल्याशिवाय सांध्यावर खड्डा पडतो. आजच्या बऱ्याच डिजिटल प्रोसेसरमध्ये या जोडीचं नाव थेट मेनूत असतं. २४ डेसिबलचा पर्याय असेल तर तोच घ्यावा, असं मी बिनदिक्कत सांगेन.

आणि ८० हर्ट्झच का? याचं उत्तर आपल्या डोक्याच्या रुंदीत आहे. खालच्या सुरांची दिशा आपण दोन कानांपर्यंत आवाज पोचण्यातल्या वेळेच्या फरकावरून ओळखतो, हे लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडलं होतं. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत डोक्याला वळसा घालून जायला ध्वनीला जास्तीत जास्त पाऊण मिलिसेकंदाच्या आतबाहेर वेळ लागतो. ८० हर्ट्झचं एक आवर्तन पुरं व्हायला १२.५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात गाडीसारख्या लहान जागेत तो आवाज काचांवरून आणि छतावरून दोन-तीनदा परतून आलेला असतो, आणि कानाला दिशेचा धागा सापडत नाही. टॉमलिन्सन होल्मन यांनी लुकासफिल्ममध्ये घडवलेल्या टीएचएक्स प्रणालीच्या घरगुती मानकाने ८० हर्ट्झ हा आकडा रूढ केला, तो याच आधारावर. सबवूफर १२० हर्ट्झपर्यंत चढू दिला की कान त्याला पकडायला लागतात.

पण इथे एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. ८० हर्ट्झच्या खाली राहूनही सबवूफरचा ठावठिकाणा उघडा पडतो, आणि तो पाडणारा खुद्द बेस नसतो. नंबर प्लेट थरथरते, पार्सल ट्रे टकटकतो, स्टेपनीवरचा पाना वाजतो, मागच्या दाराचं कुलूप खुळखुळतं. हे सगळे वरच्या सुरांचे आवाज आहेत, आणि त्यांची दिशा कान तात्काळ ओळखतो. मेंदू मग बेसही तिथूनच येतोय असं धरून चालतो. म्हणून फिल्टरला हात लावायच्या आधी ३० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर मोठ्या आवाजात वाजवावा आणि डिकीत जे जे थरथरतं ते हाताने दाबून शोधावं. नंबर प्लेटमागे फोमची पट्टी, ट्रेच्या कडेला फेल्ट, पत्र्याला ब्युटाइल रबराचं डॅम्पिंग शीट. एवढ्याने जो फरक पडतो तो बरेचदा नवा ॲम्प्लिफायर घेऊनही पडत नाही.

दारांनाही हेच लागू आहे. दार हाच त्या स्पीकरचा खोका असतो, आणि कंपनीतून येणाऱ्या दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात. पडद्यामागचा आवाज त्या भोकांतून पुढे येतो आणि पुढचा आवाज खोडतो, त्यामुळे दारातला बेस लंगडा पडतो. मग बसवणारा हाय-पास १२० हर्ट्झवर नेतो, ती उणीव भरायला सबवूफरही १२० वर चढवतो, आणि बेस डिकीत जाऊन बसतो. भोकं बंद करून दार घट्ट केलं तर साडेसहा इंची स्पीकर ८० हर्ट्झपर्यंत, चांगला असेल तर ७० पर्यंतही, व्यवस्थित साथ देतो. सांध्याची जागा सबवूफरने ठरवायची नसते, दारातल्या स्पीकरने ठरवायची असते. मोजका पैसा असेल तर तो आधी दारांवर खर्च करा.

आता गाडीची कृपा. केबिनची लांबी अडीच-पावणेतीन मीटर धरली, तर साधारण ६५ हर्ट्झच्या खाली लहरीची निम्मी लांबीही केबिनपेक्षा मोठी होते. तिथून खाली आवाज लहरींसारखा इकडून तिकडे धावत नाही. सायकलच्या पंपात दट्ट्या दाबल्यावर सगळी हवा एकदम दाबली जाते, तशी अख्ख्या केबिनमधली हवा सबवूफरच्या प्रत्येक हालचालीबरोबर दाबली आणि सैल सोडली जाते. याला केबिन गेन म्हणतात. हिशोबाने हा लाभ दर सप्तक खाली १२ डेसिबल इतका असतो. प्रत्यक्षात गाडीचा पत्रा लवचीक असतो, फटी असतात, म्हणून तो कमी भरतो. आता बंद खोक्यातला सबवूफर आपल्या मर्यादेच्या खाली दर सप्तकाला १२ डेसिबलनेच उतरतो. एक उतरतो, दुसरा चढतो, आणि जो सूर दिवाणखान्यात ऐकूच आला नसता तो गाडीत अंगाला जाणवतो. काच उघडली की हा लाभ बराच ओसरतो, म्हणून सिस्टिम लावताना सगळ्या काचा बंद असाव्यात. या कृपेमुळे ॲम्प्लिफायरवरच्या ‘बेस बूस्ट’ नॉबची गाडीत बहुधा गरज पडत नाही. तो बहुतेक वेळा ४५ हर्ट्झच्या आसपासचा पट्टा १२ डेसिबलपर्यंत वर उचलतो, आणि १२ डेसिबल म्हणजे त्या पट्ट्यात १६ पट शक्ती. तेवढी शक्ती ॲम्प्लिफायरकडे नसते आणि आवाज फाटतो. तो नॉब शून्यावर ठेवा.

प्रत्यक्ष कामाला बसताना क्रम पाळला नाही तर तासभर घालवूनही हाती काही लागत नाही. सुरुवातीला स्टिरिओचा इक्वलायझर सपाट करावा, लाउडनेस बंद करावा, बूस्ट शून्यावर आणावा. मग गेन. हा नॉब आवाज मोठा करायला नसतो. स्टिरिओतून येणाऱ्या सिग्नलचं व्होल्टेज ॲम्प्लिफायरला जुळवून देणं एवढंच त्याचं काम. कुठल्या स्टिरिओतून २ व्होल्ट येतात, कुठल्यातून ४. सबवूफरची वायर सोडवून ठेवावी, पूर्ण पातळीवर रेकॉर्ड केलेला ५० हर्ट्झचा सूर लावावा, स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांशावर न्यावा आणि ॲम्प्लिफायरच्या टोकांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरावा. किती व्होल्ट हवेत, ते ॲम्प्लिफायरची वॅट-क्षमता आणि सबवूफरचे ओहम यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढलं की कळतं. ३०० वॅट आणि ४ ओहम असतील तर १२००चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३४.६ व्होल्ट. त्याच वॅटला २ ओहम असतील तर साडेचोवीस. तिथे गेन थांबवायचा. त्यापुढे नेला की लहरीची डोकी कापली जातात. अशा कापलेल्या लहरीत सरासरी शक्ती जास्त असते, आणि कॉइल तापून जळते. सबवूफर जळाला की लोक सबवूफरच्या कंपनीला बोल लावतात. बरेचदा दोष या एका नॉबचा असतो.

फिल्टर एकाच ठिकाणी लावावा. स्टिरिओच्या मेनूत ८० हर्ट्झचा लो-पास आणि ॲम्प्लिफायरवरही ८० हर्ट्झचा लो-पास असं झालं, तर दोन्ही एकावर एक चढतात. सबवूफर ठरवल्यापेक्षा आधीच उतरायला लागतो आणि सांध्यावर खड्डा पडतो. मेनूतला फिल्टर वापरणार असाल तर ॲम्प्लिफायरचा ‘फुल’वर टाका. ती सोय नसेल तर नॉब सगळ्यात वरच्या आकड्यावर न्या. फक्त ॲम्प्लिफायरवरचा नॉबच हाती असेल, तर त्याच्यावर छापलेल्या आकड्यावर फार विसंबू नका. ८० वर खूण असली तरी तो प्रत्यक्षात ७० ला लागलेला असू शकतो किंवा १०० ला. सबवूफरचा खोका पोर्ट असलेला असेल, तर अगदी खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टरही लावायलाच हवा. खोका ज्या सुराला बांधलेला असतो त्याच्या खाली पडद्यामागच्या हवेचा आधार सुटतो आणि पडदा बेफाम हलतो. ३५ हर्ट्झला बांधलेल्या खोक्यासाठी हा फिल्टर २८ ते ३० वर ठीक बसतो.

यानंतर येतो तो या कामाचा गाभा, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी वगळला जातो. आपल्या गाड्यांत चालक उजवीकडे बसतो. उजव्या दारातला स्पीकर त्याच्या कानापासून सुमारे १ मीटरवर असतो, डावा त्याहून लांब, आणि डिकीतला सबवूफर २ मीटरच्या आसपास. ध्वनीला १ मीटर जायला २.९ मिलिसेकंद लागतात. म्हणजे ८० हर्ट्झचा सूर दारातून निघून कानापाशी पोचतो तेव्हा सबवूफरचा तोच सूर जवळजवळ पाव आवर्तन मागे असतो. त्यात फिल्टर, खोका आणि दार यांचा आपापला उशीर मिसळतो. त्यामुळे कागदावर लिंकविट्झ-रायलीचं गणित कितीही चोख असलं तरी गाडीत दोन लहरी कुठल्या तालात भेटतील, हे आधी सांगता येत नाही. ते ऐकूनच ठरवावं लागतं.

ऐकायची रीत अशी. सांध्याच्या वारंवारतेचा, म्हणजे ८० हर्ट्झचा, सूर मध्यम आवाजात लावावा आणि दारातले स्पीकर व सबवूफर साधारण सारख्याच जोराने ऐकू येतील असं बघावं. मग सबवूफरची पोलॅरिटी उलटवावी. त्यासाठी मेनूत ‘नॉर्मल’ आणि ‘रिव्हर्स’ असा पर्याय असतो. नसेल तर सबवूफरच्या दोन वायरींची अदलाबदल करावी. ज्या स्थितीत आवाज मोठा येतो ती बरोबर. अधिक-उणेच्या खुणा काय सांगतात याला इथे अर्थ नाही. ‘वायर उलटी लागलीय’ म्हणून कुणी हटकलं तरी कानाने दिलेला कौल मानावा.

स्टिरिओत टाइम अलाइनमेंटची सोय असेल तर आणखी बारीक जाता येतं. सबवूफर सगळ्यात लांब असल्याने त्याला घाईने पुढे ढकलता येत नाही, म्हणून जवळच्या स्पीकरना थांबवावं लागतं. टेप घेऊन अंतरं मोजावीत, मेनूत भरावीत, पण ती फक्त सुरुवात समजावी. मग पोलॅरिटी मुद्दाम चुकीच्या स्थितीत टाकावी, ८० हर्ट्झचा सूर लावावा आणि दारातल्या स्पीकरचा उशीर थोडा थोडा बदलत आवाज सगळ्यात बारीक कुठे होतो ते शोधावं. मोठ्यातला मोठा आवाज कुठे आहे हे कानाला नेमकं सांगता येत नाही, पण नाहीसा होणारा आवाज चटकन कळतो. तो बिंदू सापडला की पोलॅरिटी परत फिरवायची. ज्या जागी दोघांनी एकमेकांना पुरतं खोडलं होतं, तिथेच आता ते पुरते एकत्र येतात. टेपने सांगितलेल्या आकड्याच्या आसपासच शोधावं. एका आवर्तनाने, म्हणजे १२.५ मिलिसेकंदांनी, पुढेमागे गेलात तरी एकच सूर पुन्हा जुळल्यासारखा भासतो आणि ठोक्यांच्या संगीतात तो घोळ उघडा पडतो. हे जमलं की बेस डिकीतून उठून काचेसमोर येतो. तो क्षण इतका स्पष्ट असतो की त्यासाठी तयार कान लागत नाही.

यंत्राचे सूर संपले की गाणी. परदेशी पुस्तकांत यासाठी बेस गिटार सुचवतात, आणि ती उपयोगी आहेच. तिची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, आणि तिथून वर चढत जाणारी धून सांधा ओलांडताना कुठे फुगते, कुठे बसते, ते कळतं. पण मराठी घरात याहून चांगलं साहित्य पडून आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. तिचा मूळ सूर सबवूफरमध्ये येतो आणि तिच्यावर उमटणारे सगळे स्वर दारातल्या स्पीकरमध्ये. सांधा जुळला असेल तर ती एकच तार ऐकू येते. नसेल तर पुढे तानपुरा आणि मागे गुणगुण अशी तिची फाळणी होते. डग्गा तर याहून कठीण परीक्षा घेतो. त्याचा मूळ सूर १०० हर्ट्झच्या खालीवर असतो, आणि वादक तळहाताच्या दाबाने तो वर ओढतो, पुन्हा सोडतो. ती घसीट नेमकी सांध्याच्या आसपास खेळते. तबल्याचा एखादा चांगला रेकॉर्ड केलेला एकल कार्यक्रम लावा आणि घसीट एका जागी राहते की मागेपुढे होते, एवढंच ऐका. वर तबला आणि खाली डग्गा यांच्यामधलं अंतर दोन हातांएवढंच राहिलं पाहिजे. ख्यालाची एक बैठक आणि एक तबलावादन, एवढ्यावर मी कुठल्याही गाडीबद्दल मत द्यायला तयार आहे. ढोलताशा आणि डॉल्बीची गाणी मात्र या कामाला वापरू नयेत. त्यांत सगळंच इतकं मोठं असतं की सांधा लपतो.

सबवूफरची पातळी सगळ्यात शेवटी. उभ्या गाडीत सपाट वाटणारा बेस महामार्गावर गायब होतो, कारण टायरचा आणि रस्त्याचा घुमा आवाज त्याच खालच्या पट्ट्यात असतो आणि तो बेसला झाकतो. दुसरीकडे, आवाज लहान असताना कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली याचे आलेख मांडले. म्हणून सबवूफरसाठी चालकाच्या हाताशी येणारा एक लहान नॉब जरूर बसवून घ्यावा. शहरात थोडा कमी, घाट उतरून मोकळ्या रस्त्याला लागलं की थोडा जास्त. सांधा एकदा जुळला की पातळी दोन-तीन डेसिबलने इकडेतिकडे केली तरी तो बिघडत नाही.

मोबाइलवरच्या ध्वनिमापक ॲपवरून बेस मोजू नका. ही ॲप बहुधा ‘ए’ या मापनपद्धतीवर चालतात, आणि ती पद्धत ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबलने कमी धरते. मोजायचंच असेल तर मोजमापासाठी बनवलेला यूएसबी मायक्रोफोन आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर मिळून सांध्याचा खड्डा आलेखात दाखवतात. तासाभराची चाचपणी दहा मिनिटांवर येते.

गाडीची घडण बदलली की काही गोष्टी बदलतात. सेडानमध्ये डिकी आणि केबिन यांच्यामध्ये मागच्या सीटची भिंत असते, आवाज गाळून येतो आणि मागच्या काचेखालचा पत्रा थरथरतो. सीटमधला हात टेकायचा भाग पाडून ऐकलं की किती आवाज अडत होता ते कळतं. पुण्या-मुंबईकडच्या कितीतरी गाड्यांत डिकी सीएनजीच्या टाकीने व्यापलेली असते, आणि मग पुढच्या सीटखाली बसणारा सपाट सबवूफर हाच मार्ग उरतो. तो ४० हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही, पण त्याचा एक फायदा आहे. तो कानापासून दारातल्या स्पीकरइतक्याच अंतरावर असतो, त्यामुळे सांधा ९० किंवा १०० हर्ट्झवर नेला तरी बेस मागे पळत नाही. अशा गाडीत पॉवरची जाड वायर टाकताना ती गॅसच्या नळीपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या, आणि फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत, वायरच्या सुरुवातीलाच बसवा. यात तडजोड नको.

कंपनीचा मूळ स्टिरिओ ठेवून सबवूफर जोडणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. अनेक मूळ स्टिरिओ आवाज वाढवत नेला की आपले छोटे स्पीकर वाचवण्यासाठी बेस आपोआप कमी करतात. लहान आवाजात जुळवलेला सबवूफर मग मोठ्या आवाजात दुबळा वाटतो, आणि लोक गेन वाढवत सुटतात. हे टाळायला कंपनीच्या स्टिरिओची ही कपात भरून काढणारा प्रोसेसर मिळतो. वायरी कापण्याऐवजी कपलर वापरले तर मूळ वायरिंगही शाबूत राहतं.

हे सगळं काम दिवसा, मोकळ्या जागेत करा. खालचे सूर भिंती आणि काचा पार करून जातात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तुम्ही बंद गाडीत बसून ८० हर्ट्झचा सूर शोधत असता, तेव्हा तो वरच्या मजल्यावर झोपलेल्या आजारी माणसाच्या पलंगापर्यंत पोचत असतो. आणि जुळवणी झाली की फिल्टर, उतार, उशीर, पोलॅरिटी आणि गेनच्या नॉबची जागा, सगळं कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा, जमल्यास मेनूचे फोटोही काढा. गॅरेजमध्ये बॅटरी सोडवली की काही स्टिरिओंची स्मृती पुसली जाते.